एका डोळ्याचें काजळ

आमच्या वाशीमच्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणारी म्हातारी बोलण्यांत कोणाची भीडमुर्वत ठेवीत नाहीं. गेल्या वर्षीं दिवाळी आटोपल्यावर एके सकाळीं आम्ही अंगणांत ऊन खात वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. ती खराटा हातांत तसाच धरून आमच्या तोंडाकडे टक लावून पाहूं लागली व थोड्या वेळानें म्हणाली, "दादासाहेब, एकाच डोयाले काजय लावता का जी?"

आम्ही साठी ओलांडून आठ वर्षें झालीं. या वयांत आपल्यावर नट्टापट्टा केल्याचा आरोप येईल असें आमच्या स्वप्नींही नव्हतें. परंतु घरांत जाऊन आरसा पाहिला, तों म्हातारीचें म्हणणें अक्षरशः खरें! उजव्या डोळ्याच्या पापणीचे केस वयाला साजेसे विरळ व पांढुरके होते. डाव्या डोळ्याचे मात्र काळेभोर, दाट आणि इतके लांब कीं चष्म्याच्या कांचेला जाऊन टेंकत. शिवाय त्या पापणीची कातडीही कांहीं काळवंडलेली होती. म्हणूनच बाईला काजळाचा भास झाला.

याचा उलगडा लौकरच झाला. आमच्या डाव्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, त्याला आतां तीन वर्षें होतील. त्या डोळ्यांत आम्ही रोज रात्रीं निजतांना बायमॅटोप्रॉस्ट नांवाच्या औषधाचा एक थेंब घालतों. डोळ्यांतील पाण्याचा निचरा वाढवून आंतील दाब उतरविणें हें त्या औषधाचें काम. अमेरिकेंत २००१ साली तें काचबिंदूवर मान्य झालें, आणि पुढें डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, जे म्हातारे हे थेंब घालतात त्यांच्या पापण्या तरुण होऊं लागतात! केसांच्या वाढीचा काळ या औषधानें लांबतो. झालें, २००८ सालच्या डिसेंबरांत तेंच औषध, त्याच प्रमाणाचें, म्हणजे शेंकडा ०.०३, केवळ पापण्या वाढविण्यासाठीं म्हणून तेथील सरकारी औषधखात्यानें मंजूर केलें. पहिल्या बाटलीवर रोगाचें नांव, दुसरीवर सौंदर्याचें. आंतला द्रव एकच.

वाचकांना वाटेल, एका म्हाताऱ्याच्या पापण्या वाढल्या तर त्यांत लिहिण्याजोगें काय आहे? एवढ्यावरच थांबतें तर आम्हीही लेखणी उचलली नसती. परंतु संक्रांतीला आमची पुतणी घरीं आली आणि या प्रकरणानें निराळेंच वळण घेतलें.

ही मुलगी चौथ्या इयत्तेपासून जाड भिंगांचा चष्मा लावीत आली. लहानपणीं पद्मतीर्थावर खेळतांना चष्मा पाण्यांत पडला, तेव्हां हात चांचपडत घरीं आलेली ती आम्हांला अजून दिसते. वैशाखांत तिचें लग्न ठरलें. त्यापूर्वीं, मार्गशीर्षांत, तिनें मोठ्या शहरीं जाऊन डोळ्यांवर लेझरची शस्त्रक्रिया करून घेतली. चष्मा सुटला. बालाजीच्या देवळांत शिरतांना तिनें दुरूनच मूर्तीच्या मुगुटावरचे खडे मोजून दाखविले, तेव्हां तिच्या आईच्या डोळ्यांना पाणी आलें.

परंतु चष्मा गेला आणि पापण्या दिसल्या! इतकीं वर्षें भिंगांआड लपलेल्या त्या पापण्या विरळ आहेत हा शोध तिला आरशानें लावून दिला, व मैत्रिणींनीं तो पक्का केला. दोनच दिवसांत टपालानें एक लहानशी रुपेरी नळी येऊन पडली. 'तीस दिवसांत घनदाट पापण्या' असें तीवर छापलें होतें. ती उघडण्यापूर्वींच पोरीचें लक्ष आमच्या डाव्या डोळ्याकडे गेलें. रात्रीं आम्ही थेंब घालावयास बसलों तशी ती जवळ येऊन लाडांत म्हणाली, "मोठेबाबा, त्या नळीपेक्षां तुमचेंच औषध बरें. तुमची ही बाटली मला चार दिवस द्या ना!"

खरें सांगावयाचें तर आमचा हात पुढें झाला होता. या मुलीला आम्ही आजवर कशालाही नाहीं म्हटलेलें नाहीं, आणि मागितलें काय, तर दोन थेंब. शिवाय तिची मागणी वेडगळ म्हणावी तर तेंही नाहीं. तें औषध पापण्या वाढवितें याची साक्ष आमच्याच तोंडावर होती. पण बाटलीचें बूच काढतांना आमच्या मातोश्रींची आठवण झाली आणि हात मागें आला.

आमच्या मातोश्रींची दृष्टि काचबिंदूनें गेली. अगोदर ती उंबऱ्याला अडखळूं लागली, मग दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागूं लागला. समोरचें दिसे, बाजूचें दिसेना. दुखणें नाहीं, लाली नाहीं. "वयाचा मोतीबिंदू आहे, पिकूं द्यावा, मग काढूं," असें सर्वांनीं ठरविलें, आणि त्या सर्वांत आम्ही स्वतः मोठे होतों. दोन वर्षें आम्ही तो पिकण्याची वाट पाहिली. मोतीबिंदू काढल्यावर दृष्टि परत येते. काचबिंदूनें नेलेली दृष्टि परत येत नाहीं, हा भेद आम्हांला कळला तेव्हां आईला दिवसरात्र सारखेच झाले होते. हा रोग घराण्यांतून उतरतो. तो आमच्यापर्यंत आला आहे; आणि ही पुतणी त्याच आजीची नात. म्हणून आम्ही बाटली मिटली व म्हणालों, "उद्यां अकोल्यास मला डोळे दाखवावयाचेच आहेत. तूं बरोबर चल. तेथें विचारूं, हो म्हणाले तर बाटली तुझी."

ती रुसली नाहीं, पण तिला तें फारसें आवडलेंही नाहीं. रात्रीं तिनें आम्हांला टोमणा मारलाच: "वाशीमच्या माणसानें सौंदर्याला एवढें भ्यावें कां?"

हा टोमणा उगीच नव्हता. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथें १९३९ साली सांपडलेल्या विंध्यशक्ति राजाच्या ताम्रपटानें त्या शाखेचा इतिहास उजेडांत आणला. त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचे ते अर्धोन्मीलित डोळे ज्यानें एकदां पाहिले तो पापणीला क्षुल्लक म्हणणार नाहीं. राजशेखरानें तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचें लग्न आमच्या याच गांवांत लावून दिलें आहे, व या नगराला मदनाचें क्रीडास्थान म्हटलें आहे. अशा गांवची मुलगी लग्नापूर्वीं आपल्या पापण्यांची चिंता करील तर तिला हंसणारे आम्ही कोण? आम्हांला तिच्या हौसेचें भय नव्हतें. आम्हांला भय होतें तें आमच्या अज्ञानाचें. तें एकदां फार महाग पडलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें अकोल्यास गेलों. तेथील डॉक्टर वयानें आमच्याहून बरेच लहान, पण बोलणें सावकाश आणि नेमकें. त्यांनीं प्रथम मुलीचे डोळे तपासले आणि मग आम्हां दोघांना समोर बसवून शस्त्रक्रियेंत काय होतें तेंच आधीं सांगितलें. बाहुलीच्या पुढें घड्याळाच्या कांचेसारखें जें पारदर्शक पटल असतें, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. या शस्त्रक्रियेंत त्याचा वरचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालचा भाग लेझरनें हवा तितका झिजवितात, आणि पान पुन्हां मिटतात. टांका नाहीं कीं पट्टी नाहीं. या किरणानें जिवंत ऊति न भाजतां नेमकी कोरतां येते हें अमेरिकेंत १९८१ साली ध्यानांत आलें; आणि ज्या तिघांनीं तें दाखविलें त्यांतले एक रंगस्वामी श्रीनिवासन् हे मद्रासेंत जन्मलेले. त्यांनीं पहिला प्रयोग केला तो सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर!

"आतां पहा," डॉक्टर म्हणाले, "पान मिटलें तरी त्याची कड लगेच पक्की चिकटत नाहीं. म्हणून डोळा चोळूं नये, हें हिला सांगितलेंच असेल. दुसरें, पान उलटतांना बारीक ज्ञानतंतु तुटतात. ते पुन्हां वाढेपर्यंत डोळ्याला कोरडेपणाची जाणीव कमी, आणि पाणी सुटणेंही कमी. पुष्कळांना हा कोरडेपणा कांहीं महिने राहतो. हिला अजून आहे."

मग त्यांनीं पापणीच्या औषधाकडे मोर्चा वळविला. त्यानें कित्येकांचे डोळे लाल होतात, खाज सुटते. एरवीं खाज सुटली तर माणूस डोळा चोळतो आणि विसरतो. सहा आठवड्यांपूर्वीं पान उलटलेल्या माणसानें चोळला तर पान सरकूं शकतें. या थेंबांच्या बाटलींत जंतु वाढूं नयेत म्हणून बहुधा जें संरक्षक द्रव्य घातलेलें असतें तेंच कोरड्या डोळ्याला झोंबतें. पापणीची कातडी काळवंडते. ती औषध बंद केल्यावर बहुधा निवळते. डोळ्यांभोंवतींची चरबी झडून डोळे खोल गेलेले दिसूं शकतात. बाहुलीभोंवतालचें रंगीत मंडल अधिक तपकिरी होऊं शकतें, आणि तो रंग बहुधा कायमचा. "आपले डोळे मुळांतच काळेभोर, म्हणून तें आपल्या नजरेंत भरत नाहीं; घाऱ्या डोळ्यांच्या माणसानें मात्र आधींच विचार करावा," असें ते म्हणाले.

पुतणी चाणाक्ष. तिनें विचारलें, "म्हणजे कधींच लावूं नये?"

"असें मी म्हटलें नाहीं," ते हंसून म्हणाले. "जखम पुरती भरली, कोरडेपणा गेला, आणि ज्यांनीं शस्त्रक्रिया केली त्यांनीं तपासून होकार दिला, म्हणजे लावतां येईल. तोंवर तीन महिने तरी थांबावें असें माझें मत. मग लावावयाचें तेंही रीतीनें. रात्रीं तोंड धुवून, एका वेळीं एक थेंब, तो स्वच्छ नव्या कुंचलीवर घेऊन केवळ वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशीं. डोळ्यांत नाहीं, खालच्या पापणीला नाहीं. ओघळलेलें टिपून घ्यावें. कुंचली एकदां वापरली कीं टाकावी. एका डोळ्याची दुसऱ्याला नको. दोनदां लावल्यानें दुप्पट वाढत नाहीं. आणि दुसऱ्याची उघडी बाटली तर कधींही नको. मोठेबाबांची असली तरी."

आमचा कान तेथें लाल झाला. बाटलीचें तोंड आमच्या पापणीला कितीदां लागतें हें आम्हांला ठाऊक होतें.

मग डॉक्टरांनीं भिंतीवरची दिनदर्शिका काढली. या औषधाचा गुण दिसूं लागण्यास दोन महिने जातात, पुरा येण्यास सोळा आठवडे. औषध सोडलें कीं पापण्या हळूहळू पूर्ववत् होतात. शस्त्रक्रिया मार्गशीर्षांत, तीन महिने थांबावयाचें म्हणजे फाल्गुन, त्यापुढें सोळा आठवडे म्हणजे आषाढ. लग्न तर वैशाखांत! मुलीनें बोटांवर दोनदां हिशेब केला आणि तिलाच हंसूं आलें. आम्ही रात्रभर मनाशीं जो उपदेश जुळवीत आलों होतों, त्याचें काम पंचांगानें एका मिनिटांत केलें.

परंतु खरी गोष्ट त्यापुढें निघाली. आम्हीं मातोश्रींची हकीकत सांगतांच डॉक्टर गंभीर झाले. डोळ्यांतील दाब मोजण्याचें यंत्र पारपटलावर टेंकून मोजतें. तें पटल किती दबतें यावरून आंतला दाब ताडतें. पटलाची जाडी सर्वसाधारण आहे असें तें धरून चालतें. लेझरनें तें पटल पातळ केलेलें असलें कीं तें सहज दबतें, आणि यंत्र खऱ्यापेक्षां कमी आंकडा दाखवितें. त्यांत भर म्हणून पापणीला लावलेलें तें औषध थोडेंबहुत डोळ्यांत उतरून खरोखरच दाब कमी करूं शकतें. ज्याला या दोन्हीं गोष्टी ठाऊक नाहींत असा डॉक्टर उद्यां हिचा डोळा मोजील आणि म्हणेल, 'सर्व ठीक आहे.' "ज्या घरांत काचबिंदू आहे," ते म्हणाले, "त्या घरच्या मुलीचा दाब खरा कळला पाहिजे. तुमच्या मातोश्रींचा रोग कोणाला दिसला नाहीं. हिच्या बाबतींत तो दिसूं नये अशी सोय आपणच करून ठेवूं नये."

परतीच्या प्रवासांत ती बराच वेळ गप्प होती. आम्हींही बोलणें टाळलें. मेडशीच्या पुढें तिनें विचारलें, "आजीला शेवटीं अगदींच दिसत नव्हतें का हो?" आम्ही म्हणालों, "तूं जन्मलीस तेव्हां तिनें तुझें तोंड हातानें चांचपून पाहिलें. पापण्यांवरून बोट फिरविलें आणि म्हणाली, पोरीच्या पापण्या माझ्यासारख्या विरळ आहेत." हें आम्ही तिला पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें. तिनें खिडकीबाहेर तोंड फिरविलें.

घरीं आल्यावर त्या रुपेरी नळीचा निकाल लावावयाचा होता. चष्मा आमच्याकडे उरलेला, म्हणून वाचण्याचें काम आमच्याकडे आलें. मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत द्रव्यांची यादी होती, आणि तींत 'क्लोप्रोस्टेनेट' असा शेवट असलेलें एक लांबलचक नांव. डॉक्टरांनीं तें चिठीवर लिहून दिलेंच होतें. हें आमच्या थेंबांचेंच भावंड. म्हणजे जें औषध वैद्यानें लिहून द्यावयाचें, त्याचे सगेसोयरे शृंगाराच्या डबींत बसून बिनचिठीचे घरांत येतात. डोळ्यांत जाणारी वस्तु कोठून आली हें पाहण्याची गरज किती, याचा एक कडवट दाखला अलीकडचा आहे. २०२३ साली अमेरिकेंत आपल्याच देशांत बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशीं जंतुसंसर्गाचा संबंध आढळला. त्या सांथींत कित्येकांची दृष्टि गेली आणि कांहीं जणांचे प्राणही गेले. कोरड्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून त्या बिचाऱ्यांनीं ते थेंब घातले होते.

सौभाग्यवतींचें म्हणणें, या सगळ्याला आपलें एरंडेल काय वाईट? आमच्या लहानपणीं वाड्यांतल्या बायका एरंडेल बोटानें पापण्यांना लावीत, आणि तुपाच्या दिव्यावर तांब्याचें ताट धरून काजळ पाडीत. डॉक्टरांना आम्हीं हेंही विचारून घेतलें होतें. एरंडेलानें पापण्या वाढतात याला भरंवशाचा पुरावा नाहीं. केस तुकतुकीत दिसतात इतकेंच, आणि तेल डोळ्यांत उतरलें तर नजर धूसर होते. काजळाचें म्हणाल तर बाजारी सुरम्यांत व काजळांत कधीं कधीं शिसें असतें, आणि घरचें असलें तरी बोट कोणाचें स्वच्छ असतें? डोळ्यांत तेल घालून जपावें, ही आपल्या भाषेंतली म्हण आहे. ती औषधाची चिठी नव्हे.

या निमित्तानें आम्हीं पापणीविषयीं थोडें वाचलें. २०१५ साली अमेरिकेंतील जॉर्जिया येथील संशोधकांनीं बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. लहान जीवापासून जिराफापर्यंत सर्वांचें प्रमाण जवळजवळ एकच निघालें: डोळ्याच्या रुंदीच्या एकतृतीयांश. त्या लांबीला पापणी वारा अडविते, ओलावा राखते, धूळ परतविते. त्याहून लांब झाली कीं ती नळीसारखी उलट वारा डोळ्याकडे वळविते, आणि डोळा अधिक सुकतो. ज्या मुलीचा डोळा आधींच कोरडा, तिनें अति लांब पापणीची हौस धरावी यांतला विनोद तिनेंच आम्हांला उलगडून दाखविला. आमचा डावा डोळा त्या प्रमाणाबाहेर गेलेला आहेच; परंतु त्याला दृष्टि राखावयाची आहे, म्हणून त्याचा अपराध क्षम्य.

ती नळी शेवटीं केराच्या टोपलींत गेली. ती टाकतांना मुलीनें एक सुस्कारा टाकला, तो आम्हीं ऐकून न ऐकल्यासारखा केला. हौस मारावी लागली तर तिला थोडें वाईट वाटूं द्यावें. त्यावर लगेच तत्त्वज्ञान पाजळूं नये, इतकें शहाणपण आम्हांला या वयांत आलें आहे.

वैशाखांत लग्न झालें. त्यापूर्वीं तिनें शस्त्रक्रिया करणाऱ्यांना डोळे पुन्हां दाखविले. कोरडेपणा गेला होता. साधी नवी काजळकांडी त्यांच्या होकारानें पापणीच्या बाहेरच्या कडेला लावली, तेवढाच शृंगार. अंतरपाट दूर झाला तेव्हां ती समोर पाहत होती कीं खालीं, हें आम्हांला सांगतां येणार नाहीं. आमचा डावा डोळा त्या वेळीं कामाचा नव्हता, आणि त्याचें कारण काचबिंदू हें नव्हे.

वऱ्हाडी मंडळी रुखवत पाहण्यास जमली, तेव्हां लाडू, चिरोटे, लोकरीचे पोपट आणि काडेपेट्यांचा बंगला यांच्या ओळींत एक बंद लिफाफा ठेवलेला होता. तो आम्हीं ठेवला होता. शस्त्रक्रियेपूर्वीं तिच्या पारपटलाची जाडी किती होती, नंतर किती उरली, दाब किती मोजला गेला, आणि आजीला काचबिंदू होता, हें सर्व त्यांत सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें होतें. डॉक्टरांची मूळ पत्रें सोबत जोडलेलीं. तिच्या सासूबाईंनीं तो उचलून विचारलें, "यांत काय आहे हो?" आम्ही म्हणालों, "मुलीचे डोळे आहेत. दर वर्षीं दाखवायला नेतांना हा बरोबर असूं द्या." त्यांनीं तो तेथल्या तेथें पदरांत बांधला.

अजून रात्रीं साडेनऊच्या सुमारास तिचा फोन येतो. बोलणें एकाच वाक्याचें असतें. "मोठेबाबा, थेंब घातला का?" आम्ही घातला म्हणून सांगतों, आणि विसरलों असलों तर फोन ठेवून लगेच घालतों.